सलगमाचं शेत आणि बापाचा शर्ट

बारा वर्षं वर्लिन झास्ट्रो एकच थाप मारत आला होता. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की पहिल्या शनिवारी दुपारी तो मचाणावरून उतरून कॅम्पात यायचा, बूट झटकायचा आणि चेहरा पाडून म्हणायचा, "नाही बुवा. एकसुद्धा फिरकलं नाही."

साफ खोटं. हरणं यायची. चांगली चरत-बिरत यायची. एका वर्षी तर एक मादी मचाणाच्या शिडीला अंग घासून गेली होती. वर्लिन बंदूक खांद्याला लावायचा, नेम धरायचा, घामाने डबडबायचा आणि बंदूक खाली ठेवायचा. कारण बार उडाला आणि चुकला, तर शर्ट गेला.

शर्टाचं असं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात, झास्ट्रो मंडळींच्या सामाईक ऐंशी एकर जंगलात लाकडाची एक खोली होती. तिला सगळे कॅम्प म्हणत. त्या कॅम्पाचा कायदा आजोबांपासूनचा: ज्याचा नेम चुकेल त्याच्या अंगातल्या शर्टाचं शेपूट कापायचं. शेपूट म्हणजे शर्टाचा मागचा, विजारीत खोचायचा भाग. कापून त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. भिंतीवर त्रेचाळीस शेपटं होती. एकट्या गॉर्डीची, म्हणजे वर्लिनच्या चुलतभावाची, सात. तो ती पाहुण्यांना पदकं दाखवावीत तशी दाखवायचा.

एकाच माणसाचं शेपूट त्या भिंतीवर नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे वर्लिनचा बाप, राइनहोल्ड. उभ्या जन्मात त्याचा नेम चुकला नाही. शेपटांच्या मधोमध त्याचा फोटो टांगलेला होता. अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट, शेपूट नीट खोचलेलं. बरं, एवढा नेमबाज, पण गर्व नावाला नाही. कॅम्पात भांडी घासायची पाळी धाकट्या भावावर, ओटोवर आली, की राइनहोल्ड स्वतः उठायचा आणि त्याची भांडी घासायचा. एक-दोन वर्षं नव्हे, अडतीस वर्षं! त्याच्या अंत्यविधीत पाद्र्याने हा दाखला दिला तेव्हा चर्चमध्ये रुमालांची कमतरता पडली. ओटोकाका तर असे रडले की त्यांना बाहेर न्यावं लागलं.

बाप गेला, त्याचं मचाण वर्लिनला मिळालं आणि शर्ट त्याच्या अंगात आला. त्या शर्टात तो मचाणावर चढला की लोक म्हणत, "अगदी राइनहोल्ड दिसतोस रे." झालं! आता त्या शर्टाचं शेपूट भिंतीवर टांगलं जाणार, आणि तेही वर्लिनच्या हातून? दुसरा शर्ट घालावा तर लोक विचारणार, का रे, खात्री नाही वाटतं? तेव्हा बार न काढणं हाच एक उपाय उरला होता, आणि तो बारा वर्षं बिनबोभाट चालला होता.

यंदा मात्र चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात गॉर्डीने घात केला. अंगणात सॉसेजेस भाजली जात होती. गॉर्डी हातात चिमटा घेऊन शेगडीशी उभा होता आणि त्याच्या हातात चिमटा असला की तो भाषण करतो.

"काका," तो ओटोकाकांना म्हणाला, "कॅम्पातलं सगळ्यात झकास मचाण कुठलं?"

"राइनहोल्डचं." ओटोकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे. कॅम्पात त्यांचा शब्द शेवटचा, कारण कापायची कात्री त्यांच्या ताब्यात.

"आणि तिथून बारा वर्षांत किती बार ऐकलेत?"

ओटोकाकांनी सॉसेज चावलं.

"एकही नाही! आमचा ट्रेंट बिचारा दलदलीतल्या मचाणावर बसून पाय कुजवतो," गॉर्डी म्हणाला. ट्रेंट हा त्याचा जावई. तो बिचारा तेव्हा बटाट्याचं सॅलड खात होता आणि आपलं नाव आल्याचं बघून आणखी खाली बघायला लागला. "माझं म्हणणं एवढंच. यंदा त्या मचाणावरून बार वाजला पाहिजे. हरीण पडो न पडो, बार वाजला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी मचाण ट्रेंटचं."

"तिथे हरणं येत नाहीत, त्याला मी काय करू?" वर्लिन म्हणाला.

"मग येतील असं कर. की तू नुसता डुलक्या काढायला चढतोस?"

सगळे हसले. ओटोकाका हसले नाहीत. ते वर्लिनकडे बघून म्हणाले, "रास्त आहे. बार वाजायला पाहिजे."

त्या रात्री वर्लिनला झोप नाही. बार काढला नाही तर बापाचं मचाण गेलं, बार काढून चुकला तर बापाचा शर्ट गेला. इकडे आड, तिकडे विहीर. पहाटे पहाटे मात्र तो ताडकन उठून बसला आणि शेजारी झोपलेल्या बायकोला हलवून म्हणाला, "डोरीन! पंचवीस पावलं!"

"कसली पावलं? झोप."

"हरीण पंचवीस पावलांवर उभं राहिलं तर आंधळ्याचाही नेम चुकणार नाही. मचाणासमोर शेत लावायचं. हरणांचं शेत! खायला येतील, समोर उभी राहतील, आणि..."

"वर्लिन," डोरीन डोळे न उघडता म्हणाली, "मी गेली तीन वर्षं तुला वाफा खणून मागतेय टोमॅटोसाठी."

पण तिचं कोण ऐकतो? गडी पेटला होता. मचाणासमोरचा दहा गुंठे झाडोरा साफ करून त्याने रान मोकळं केलं. माती डोरीनच्या मुरंब्याच्या बरणीत भरून तपासायला पाठवली. उत्तर आलं की माती भलतीच आंबट आहे, चुना टाका. चाळीस पोती! गाडी तिथवर जात नव्हती, तेव्हा वर्लिनने ती खांद्यावरून वाहिली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, घरी येताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. पहिल्या दिवशी डोरीनने त्याला ओळखलंच नाही आणि कुत्र्याने दोन दिवस ओळखलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरणी. बियाण्याच्या पिशवीवर ढाण्या नराचं चित्र, शिंगं एवढी की पिशवीत मावेनात. आत सलगमाचं बी, मोहरीएवढं. पिशवीवर स्पष्ट लिहिलं होतं, एका एकराला एक पिशवी. दुकानदारानेही बजावलं होतं, "दाट पेरू नका हं. सगळे तिथेच चुकतात." पण वर्लिनने दहा गुंठ्यांत पाव पिशवी विस्कटली, मागे वळून बघितलं तर जमीन नुसती उघडी दिसली. एवढंसं बी दिसणार कसं? त्याला वाटलं, थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं. मग अर्धी. मग म्हणाला, उरवून तरी काय करायचंय.

बी मातीत दाबायला काहीतरी जड ओढावं लागतं. त्याने माळ्यावरची जुन्या पलंगाची स्प्रिंगांची जाळी काढली, चारचाकी मोटारसायकलला बांधली आणि रानात गोल गोल फिरला.

"अरे, हा आपला लग्नातला पलंग ना?" डोरीन पाणी घेऊन आली होती, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्याची जाळी."

"छत्तीस वर्षांत त्या जाळीवर एवढी मेहनत केलेली पाहिली नाही मी तुला."

वर्लिन लाल झाला आणि आणखी दोन फेऱ्या मारून आला.

पीक आलं ते असं आलं, की विचारू नका. दहा गुंठ्यांत चार पट बी. पानांना श्वास घ्यायला जागा नाही, सलगमाचे गड्डे एकमेकांना ढुशा देऊन मातीवर आलेले. सप्टेंबरात डोरीन रोज टोपली घेऊन विरळणी करायला जायची, कारण वर्लिनला एकही रोप उपटवेना, उपटायला गेला की म्हणायचा, "हे बघ, हे किती गोजिरवाणं आहे." घरी सलगमाचं सूप, सलगमाचं भरीत, सलगमाचं लोणचं. चर्चच्या सामूहिक जेवणाला तिने चीज घालून सलगमाची अशी काही थाळी भाजून नेली की पाद्रीणबाईंनी कृती मागितली. म्हणजे हरणांच्या शेतावर अख्खं गाव जेवलं. जेवली नाहीत ती फक्त हरणं.

एकसुद्धा येईना! वर्लिनने झाडाला कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं की तो फोटो काढून फोनवर धाडायचा. रोज सकाळी वर्लिन चष्मा लावून फोन बघायचा. एक रॅकून. वाकलेली डोरीन. तोच रॅकून, बायको घेऊन. स्वतः वर्लिन, पाठमोरा, पानांशी काहीतरी बोलताना. आणि एकदा गॉर्डी, झाडाशी उभा राहून, आता काय सांगायचं, चुन्यावर आपली भर घालताना.

"आमंत्रणपत्रिका पाठवल्यास का हरणांना?" गॉर्डीने फोन करून विचारलं. "की घरोघरी जाऊन सांगायला हवं? जावयासारखी रुसली असतील."

"तू माझ्या शेतात काय करत होतास ते मला माहीत आहे," वर्लिन म्हणाला, तेव्हा पलीकडून फोन बंद झाला.

पण आतून त्याचा धीर सुटत चालला होता. ऑक्टोबर उजाडला. तो संध्याकाळी मचाणाखाली बसून राहायचा. बापाने इथे अठ्ठेचाळीस वर्षं काढली, आणि आपण ट्रेंटला शिडी धरून वर चढवणार.

शेवटी त्याने बियाण्याच्या दुकानदाराला गाठलं. दुकानदार म्हणाला, "हिव पडलं का?"

"नाही अजून."

"मग बोंबलता कशाला? पाला कडू असतो तोवर. एकदा कडाक्याचं हिव पडू द्या, गोड होतो. मग बघा."

आणि अकरा ऑक्टोबरच्या रात्री कडाक्याचं हिव पडलं. बारा तारखेच्या सकाळी फोन टिंगटिंग वाजत सुटला तो थांबेना. हरणंच हरणं! माद्या, पाडसं, दोन वर्षांचे उंडगे नर. आणि पाचव्या दिवशी तो आला. दहा टोकांची शिंगं, लांबोडा गंभीर चेहरा आणि गळ्याला कॉलरसारखा पांढरा स्वच्छ पट्टा. तो आला की बाकीची हरणं बाजूला व्हायची आणि तो मधोमध उभा राहून, डोळे अर्धवट मिटून चावत राहायचा.

"हा तर आपला पाद्री," डोरीन फोटो बघून म्हणाली. तेव्हापासून त्याचं नाव पाद्रीबुवा.

वर्लिनला पाद्रीबुवांचं वेळापत्रक पाठ झालं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मचाणापासून बरोबर पंचवीस पावलांवर. घरामागे त्याने पंचवीस पावलांवर टिनाची ताटली टांगली आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीतून नेम धरून रोज पाच गोळ्या झाडल्या. पाचच्या पाच ताटलीत. डोरीनच्या सहा ताटल्या गेल्या, पण गडी ताठ मानेने चालायला लागला. हंगामाच्या आदल्या दिवशी तिने शर्टाला इस्त्री केली आणि त्याच्या हातात दिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?" वर्लिनने विचारलं.

"काही नाही. नीट खोच."

शनिवारची पहाट. वर्लिन अंधारात मचाणावर चढला. वर नारिंगी जाकीट, आत बापाचा शर्ट. उजाडलं तेव्हा रानाच्या पार टोकाला, दोनशे पावलांवर, झाडीत काहीतरी हललं. शिंगं होती का? त्याने दुर्बिणीची कडी फिरवून ती थेट नऊ पटीवर नेली आणि बघितलं. फांद्या होत्या. त्याने बंदूक मांडीवर ठेवली. जवळच्या नेमासाठी कडी परत फिरवायला तो विसरला. एवढंच झालं. अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत, चाळीस पोती चुना, लग्नाचा पलंग, आणि कडी फिरवायला विसरला!

सात वाजून दहा मिनिटांनी पाद्रीबुवा आले. घड्याळ लावून घ्यावं असे आले. पंचवीस पावलांवर थांबले, मातीतून एक सलगम दातांनी उपटला आणि कुर्रम कुर्रम चावायला लागले. वर्लिनला चावल्याचा आवाज ऐकू येत होता. त्याने सावकाश बंदूक खांद्याला लावली आणि दुर्बिणीत डोळा घातला.

आत केस होते.

नुसते केस. तपकिरी केस, इकडून तिकडे. वर्लिनने बंदूक जराशी डावीकडे नेली, केस. उजवीकडे, केस. हे पोट की मान की ढुंगण? छाती कुठे गेली? घाम डोळ्यांत उतरला. वर नेली तर एकदम एक भला मोठा ओला डोळा दिसला, आणि तो डोळा त्याच्याकडेच बघत होता. खाली तोंडातून सलगम अर्धा बाहेर, पाला दोन्ही बाजूंनी मिशांसारखा लोंबतोय. वर्लिनला हसू फुटलं. आवरायला गेला तर पोट गदागदा हललं, बोट हललं आणि बार उडाला.

पाद्रीबुवांच्या पायाशी एक सलगम फुटला. म्हणजे काय, उडालाच. पांढरा गर बुवांच्या तोंडावर थापला गेला. बुवा दचकून चार पावलं मागे सरले, थांबले, जिभेने नाकावरचा गर चाटला, वर्लिनकडे एकदा बघितलं आणि सावकाश झाडीत निघून गेले.

वर्लिन तसाच बसून राहिला. आता हसू कुठलं? पंचवीस पावलांवर. "बाबा, मला माफ करा," तो मोठ्याने म्हणाला.

झास्ट्रोंच्या कॅम्पात एक म्हण होती: एक बार, हरीण आलं, दोन बार, बघू या, तीन बार, नुसता आवाज. तेव्हा एकच बार ऐकून गॉर्डी आनंदाने हरीण ओढून न्यायची घसरगाडी, दोर आणि सुरी घेऊन धावत आला. मागे ट्रेंट.

"शाब्बास रे पठ्ठ्या! कुठे पडलंय?"

वर्लिनने बोट दाखवलं. गॉर्डी वाकला. मातीत पांढरे तुकडे, जांभळ्या साली. त्याने एक तुकडा उचलला, हुंगला, तोंडात टाकला.

"सलगम मारलास?"

"हो."

"पंचवीस पावलांवरून?"

"तुला काय लाकडी पट्टी आणून देऊ मोजायला?" वर्लिन ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला. गॉर्डीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुरी म्यानात घातली. घसरगाडी रिकामीच परत निघाली.

दुपारी कॅम्पात न्यायनिवाडा. डोरीन दरवर्षीसारखी पहिल्या शनिवारी हरणाच्या मटणाचं पातेलं घेऊन आली होती. ती शेगडीशी ढवळत उभी राहिली. ओटोकाकांनी खिळ्यावरची मेंढ्या भादरायची कात्री काढली आणि टेबलावर ठेवली.

"वर्लिन, नेम चुकला?"

"चुकला."

"काही म्हणणं?"

दुर्बिणीचं सांगता आलं असतं. हसण्याचं सांगता आलं असतं. वर्लिनने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. "कापा," तो म्हणाला.

कात्री कुणी उचलेना. गॉर्डीने स्वतःची सात शेपटं हसत हसत कापून घेतली होती, पण आता तो एकदा भिंतीवरच्या फोटोकडे आणि एकदा त्या शर्टाकडे बघत होता. "काका, एक म्हणू का? बार तर वाजला. मचाण वर्लिनचंच, मी बोललो ते बोललो. पण हा शर्ट... हा राहू द्या ना. राइनहोल्डकाकांचा आहे. दुसरं काहीतरी कापू. माझा कापा हवं तर."

"कायदा म्हणजे कायदा," वर्लिन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते पुसलं नाही. "माझ्या बापाने कधी सवलत मागितली नाही."

हे ऐकून ओटोकाका खाली बसले. बसले ते उठेनात.

"काका?" डोरीन पळी खाली ठेवून पुढे आली. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुला माहीत आहे?" ओटोकाका चपापले.

"बारा वर्षं मी धुतेय हा शर्ट." तिने नवऱ्याला खांदे धरून फिरवलं, विजारीत खोचलेलं शेपूट बाहेर ओढलं आणि खिडकीच्या उजेडात सगळ्यांना दाखवलं. "बघा. चौकडी जुळत नाही."

सगळे वाकले. खरंच की! कमरेच्या खाली, आडवी, बारीक, देखणी शिवण. तिच्या खालचे लाल चौकोन वरच्या चौकोनांपेक्षा अर्धं बोट सरकलेले. वर्लिन मान वळवून बघायला गेला, कुत्र्यासारखा स्वतःभोवती दोन वेळा फिरला, शेवटी शर्ट काढूनच हातात घेतला. बारा वर्षं त्याने तो अंगात घातला होता. मागची बाजू कधी बघितली नव्हती. कोण बघतं?

"ही आईची शिवण," तो म्हणाला.

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर," ओटोकाका म्हणाले. "पंधरा पावलं. तुझी पंचवीस तरी होती. हरीण झोपलं होतं, वर्लिन. झोपलं होतं आणि राइनहोल्डच्या हातात पावाचा तुकडा होता, तो काही त्याने खाली ठेवला नाही. मी शेजारी होतो. गोळी गेली झाडात. हरीण उठलं, आळस दिला आणि गेलं."

"आणि?"

"आणि मी कात्री काढली. कायदा म्हणजे कायदा! कापलं मी. मग राइनहोल्ड रडायला लागला. तू तेव्हा आठ वर्षांचा. आदल्याच आठवड्यात तू वर्गात उभा राहून सांगितलं होतंस, माझ्या बाबांचा नेम कधीच चुकत नाही. मास्तरांनी राइनहोल्डला येऊन सांगितलं होतं ते. म्हणाला, ओटो, पोराला काय तोंड दाखवू? भिंतीवर नको लावूस. मागशील ते देतो."

वर्लिन शर्ट छातीशी धरून उभा होता.

"काय मागितलंत?" गॉर्डीने विचारलं.

ओटोकाकांनी मान खाली घातली. "भांडी," ते म्हणाले.

"अडतीस वर्षं!" गॉर्डी किंचाळला. "अहो, पाद्र्याने दाखला दिला त्या भांड्यांचा! मी रडलो होतो! माझ्या बायकोने गेली बारा वर्षं तो दाखला मला ऐकवून माझ्याकडून भांडी घासून घेतलीत!"

"मीही रडलो होतो ना," ओटोकाका म्हणाले. "मला वाटलं होतं दोन-तीन वर्षांनी तो म्हणेल, बस झालं, लाव भिंतीवर. त्याने म्हटलंच नाही. आणि मला भांडी घासायची फार चीड आहे."

आधी ट्रेंटला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात दडवलं. मग वर्लिन. तो हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाच कळेना. खुर्चीत कोसळून, बापाच्या शर्टात तोंड खुपसून तो गदगदत राहिला. बारा वर्षं उरावर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाहेर फेकला होता. बाप चुकला होता. पंधरा पावलांवर, हातात पाव घेऊन! आणि आठ वर्षांच्या वर्लिनला खाली बघावं लागू नये म्हणून माणूस मरेपर्यंत दुसऱ्याची ताटं घासत राहिला.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्याने डोरीनला विचारलं.

"सांगणार होते, पहिल्याच धुण्याला. पण तू तो घातलास की इतका ताठ चालायचास. आणि एरवी तू ताठ चालतोस कधी?"

ओटोकाकांनी पाकिटातून घडी केलेला कापडाचा तुकडा काढला. लाल-काळा, घडीवर विरलेला. पन्नास वर्षं त्यांनी तो जवळ बाळगला होता. त्यावर पेनाने लिहिलं होतं: राइनहोल्ड, १९७४. मग त्यांनी कात्री घेतली आणि आईच्या शिवणीवरूनच, एकही चौकोन न दुखवता, खालचं शेपूट कापलं. त्यावर वर्लिनने स्वतःच्या हाताने नाव घातलं. बापलेकांची शेपटं फोटोच्या खाली शेजारी शेजारी ठोकली गेली. पंचेचाळीस झाली.

जेवणं झाल्यावर ओटोकाका काठी टेकत उठले आणि कुणाला हात लावू न देता सगळी भांडी घासली. दोन ताटल्या फुटल्या, एकीला साबण तसाच राहिला. डोरीनने घरी नेऊन ती सगळी परत घासली, पण हे तिने कुणाला सांगितलं नाही.

रविवारी पहाटे वर्लिन पुन्हा मचाणावर चढला. अंगात तोच शर्ट, शेपटाविना. मागून वारा थेट कमरेला लागत होता. त्याने आठवणीने कडी फिरवली, बरोबर आणलेला पाव खिशातून काढला आणि मजेत खायला लागला.

कॅम्पात गॉर्डी आणि ओटोकाका कॉफी पीत होते. सात वाजून अकरा मिनिटांनी जंगलात बार उडाला.

"एक," गॉर्डी कप खाली ठेवून म्हणाला. "हरीण!"

दुसरा बार उडाला.

"बघू या," ओटोकाका म्हणाले.

तिसरा. आणि मग लांबून, सलगमाच्या शेताकडून, एका माणसाचं मोठमोठ्याने हसणं ऐकू आलं. थांबेचना.

गॉर्डीने खिळ्यावरची कात्री काढली. "पण काका, शेपूट तर काल संपलं. आता काय कापायचं?"

"बाही," ओटोकाका म्हणाले. "बापाच्या वरताण निघाला गडी."